कॅनडातल्या घराचा पत्ता आणि बुडालेलं डिपॉझिट

कोविडच्या काळात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून जी मुलं आणि कुटुंबं कॅनडाला गेली, त्यांच्यापुढे विमानात बसण्याआधीच एक प्रश्न असायचा: उतरल्यावर १४ दिवस क्वारंटाइनमध्ये कुठे राहणार? २१ नोव्हेंबर २०२० पासून ही माहिती अराइव्हकॅन या कॅनडा सरकारच्या ॲपवर आधीच भरावी लागे. घर पाहिलेलं नाही, पाहायला तिथे आपलं कुणी नाही, आणि पत्ता मात्र आजच हवा. भामट्यांनी नेमकी ही अडचण हेरली. तो नियम १ ऑक्टोबर २०२२ ला उठला, तरी कॉलेजच्या प्रवेशांच्या तोंडावर घर न पाहता डिपॉझिट पाठवणं काही थांबलेलं नाही. म्हणून ही फसवणूक कशी होते, ते मुळापासून समजून घ्या.

सुरुवात फोटोंपासून होते. विक्रीला निघालेल्या किंवा सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या खऱ्या घराचे फोटो उचलायचे, आसपासच्या घरांपेक्षा भाडं बरंच कमी लावायचं आणि नव्याने येणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये जाहिरात टाकायची. घरमालक म्हणे दुसऱ्या देशात अडकलाय, किल्ली कुरिअरने येईल. चौकशी केली की तासाभरात निरोप येतो, "अजून दोघंजण मागतायत, आज डिपॉझिट टाकलं तर तुमच्यासाठी धरून ठेवतो." मग पासपोर्ट आणि व्हिसाच्या कागदाची प्रत मागतात. पैसे जातात आणि शिक्क्यांसहित करारपत्र येतं. कोविडमध्ये पुढचं काम विमानांनीच केलं. भारतातून थेट येणारी विमानं २२ एप्रिल २०२१ पासून सप्टेंबरअखेरपर्यंत बंद होती. पैसे दिल्यापासून दारात उभं राहीपर्यंत कित्येक आठवडे जात आणि तोवर समोरचा नंबर बंद झालेला असे.

आपल्या भागातली माणसं यात लवकर अडकतात, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे भाषा. परक्या देशात कुणी मराठीत बोललं, "शहापूरची की वडगावची तुम्ही?" असं विचारलं, की अर्धा संशय तिथेच विरतो. "आपलाच माणूस आहे की," म्हणून आईवडील पैसे पाठवतात. पण गल्लीचं नाव तुमच्याच जुन्या पोस्टमधून उचलता येतं, याचा विचार करा. दुसरं कारण बेंगळुरूचं. तिथे दहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स देण्याची रीत वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली असल्यामुळे कॅनडातल्या घरासाठी कुणी सहा महिन्यांचं मागितलं तर आपल्याला ते कमीच वाटतं.

तिथला कायदा मात्र वेगळा आहे आणि प्रांतागणिक बदलतो. ओंटारिओत घरमालकाला फार तर शेवटच्या एका महिन्याच्या भाड्याएवढं डिपॉझिट मागता येतं. मोडतोडीपोटी वेगळं डिपॉझिट घ्यायला तिथे मनाईच आहे. किल्लीसाठी पैसे घेतले तर ते किल्लीच्या खर्चापुरतेच आणि परत मिळणारे. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याची मर्यादा आहे, अल्बर्टात एका महिन्याची, आणि क्वेबेकमध्ये पहिल्या महिन्याच्या भाड्यापलीकडे काही मागताच येत नाही. "तुमचा तिथे क्रेडिट रेकॉर्ड (कर्ज आणि बिलं फेडल्याची नोंद) नाही, म्हणून जास्त द्या," असं सांगितलं जातं. रेकॉर्ड नाही हे खरं, पण त्यामुळे कायदा बदलत नाही.

ओंटारिओत ३० एप्रिल २०१८ पासून बहुतेक घरांच्या कराराला सरकारी नमुना ठरलेला आहे. त्यात घरमालकाचं कायदेशीर नाव आणि पत्ता लिहावा लागतो. ऑनलँड या सरकारी संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून त्या मालमत्तेची नोंद काढता येते, म्हणजे आपल्याकडे उतारा काढतो तसंच. उताऱ्यावर एक नाव आणि करारावर दुसरं असेल, तर पैसे पाठवायचे नाहीत. समोरचा स्वतः भाडेकरू असून पोटभाड्याने देत असेल, तर मूळ मालकाची लेखी परवानगी मागा.

घर पाहायला कुणीच जाऊ शकत नसेल तर लाइव्ह व्हिडिओ कॉल करा. आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालत नाही. रस्त्याच्या नावाच्या पाटीपासून चालायला सांगा, घरनंबर दाखवू द्या, कुलूप त्याच्या किल्लीने उघडू द्या, मग स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगा. मध्येच "नेटवर्क गेलं" झालं, तर पुन्हा पाटीपासून सुरू. जाहिरातीतले फोटो गूगल लेन्सवर टाकले तर दुसऱ्या शहरातलं तेच घर पुष्कळदा सापडतं. सगळ्यात बरं म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे कॉलेजचं वसतिगृह किंवा रद्द करता येणारी खोली कार्डाने बुक करावी. थोडे जास्त पैसे जातील, पण कार्डाच्या व्यवहाराबद्दल निदान बँकेकडे तक्रार करता येते. कायमचं घर तिथे पोचून, डोळ्यांनी पाहून घ्या.

पैशाची वाट हीच खरी परीक्षा. घर कॅनडात आणि भाडं मात्र भारतातल्या कुणाच्या तरी यूपीआयवर रुपयांत मागितलं, तर तिथेच थांबा. भारतातून परदेशी पैसे पाठवायचे ते बँकेतून, पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) देऊन, कारण दाखवून आणि करारातल्याच नावाच्या खात्यावर. तिकडे कुणी इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे कॅनडातल्या बँकांमधून ऑनलाइन पैसे पाठवत असेल, तर ऑटोडिपॉझिट (पैसे आपोआप जमा होण्याची सोय) असलेल्या खात्याचं नोंदवलेलं नाव पैसे जाण्याआधी दिसतं. ते नीट वाचा, कारण जमा झाल्यावर ते पैसे माघारी घेता येत नाहीत. ऑटोडिपॉझिट नसेल तर समोरच्याने स्वीकारेपर्यंत व्यवहार रद्द करता येतो. आणि सिन, म्हणजे नऊ अंकी सोशल इन्शुरन्स नंबर, भाड्याच्या अर्जात देणं बंधनकारक नाही. सिन सरकार फुकट देतं. तो काढून देतो म्हणून पैसे मागणारा भामटाच समजा.

तरीही पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. मुलगा तिकडे एकटा, घरचे इकडे कर्जात, आणि दोघंही एकमेकांपासून लपवतात. त्या दोन-चार दिवसांत पैसा पुढच्या खात्यांत निघून जातो. रुपये भारतातल्या खात्यात गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि स्वतःच्या बँकेला कळवा. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं सायबर गुन्हे पाहतं. खातेदार महाराष्ट्रातला निघाला म्हणून "तिकडे जा" असं कुणी म्हटलं, तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. जबाब कन्नडमध्ये लिहिला असेल, तर सही करण्याआधी ओळखीच्या माणसाकडून रक्कम, तारीख आणि खातं वाचून घ्या.

कॅनडात स्थानिक पोलीस आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटर, १-८८८-४९५-८५०१. पासपोर्टची प्रत किंवा सिन गेला असेल तर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपन्यांना सांगून नावावर फ्रॉड अलर्ट (फसवणुकीचा इशारा) लावून घ्या. तक्रार केल्यावर काही दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा" असा फोन येऊ शकतो. बहुधा तो त्याच टोळीचा असतो, कारण तुमचा नंबर आणि तुमची अडचण तिला आधीच ठाऊक आहे. पोलीस यासाठी फी घेत नाहीत. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.