रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला धुता येणारा कॉटन एअर फिल्टर: हिवाळा, उन्हाळा, पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण कालच्या सर्व्हिसिंगनंतर आता लिहितोच. गाडी देताना जॉब कार्ड बनवणाऱ्याला दोनदा सांगितलं की भाऊ, आत पेपर फिल्टर नाहीये, तेल लावलेला कॉटनचा आहे, त्याला हात लावू नका, तो मी घरी धुतो. संध्याकाळी गेलो तर बिलात एअर फिल्टर क्लिनिंगचे पैसे लावलेले, आणि फिल्टर एकदम कोरडा, लाल रंग उडालेला, कॉम्प्रेसरची हवा मारून साफ केलेला. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर दोन घड्यांमधला कापूस सरकून नुसती जाळी राहिली होती. काउंटरवरचा म्हणतो, साहेब बाहेरच्या पार्टची जबाबदारी आमची नसते. अहो नसू दे ना, पण मग हात कशाला लावला, आणि पैसे कशाचे लावले?

गाडी २०१८ ची, कार्ब्युरेटरवाली. ३४६ सीसी, १९.८ बीएचपी, हे इथल्या लोकांना सांगायला नको. रोजचं नाशकात पाथर्डी फाटा ते अंबड एमआयडीसी आणि सुट्टीत कधी वणी, कधी सापुतारा, कधी कसारा उतरून सासुरवाडी. फिल्टर डिसेंबरात बसवला, तीन हजारांच्या थोडा खाली पडला. पेपरवाला दोन-अडीचशेला मिळतो, म्हणजे एकाच्या पैशात दहा-बारा पेपर आले असते, हा हिशोब घरी मांडून झाला होता. तरी घेतला कारण एकदा घेतला की धुऊन धुऊन वापरायचा, आणि विकणारा सांगत होता की पिकअप जाणवण्याइतका वाढतो.

आणि खरंच सांगतो, पहिले दोन महिने मी जाम खूश होतो. थ्रॉटल पिळला की सीटखालून जो खोल हुंकार यायचा तो ऐकूनच पैसे वसूल वाटायचे. कसाऱ्याहून इगतपुरी चढताना बायको मागे बसलेली, तरी जिथे आधी दुसरा टाकायला लागायचा तिथे तिसऱ्यात गाडी ओढत होती. ग्रुपवर दोघा-तिघांना डोळे झाकून घ्या म्हणून सांगितलंसुद्धा.

एप्रिल आला आणि सगळं ओसरलं. तोच घाट, तेच वजन, आणि परत दुसरा गिअर. फिल्टर चोकअप झाला असेल म्हणून धुतला, तेल लावलं, तरी तेच. मग विचार केला तेव्हा लक्षात आलं की डिसेंबरात आपल्याकडे पहाटे १० डिग्री असतं, निफाडकडे तर त्याच्याही खाली, आणि एप्रिलच्या दुपारी ४० ला टेकतं. १० डिग्रीची हवा ४० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण १० टक्के दाट असते. म्हणजे सिलिंडर एकदा भरला की १० टक्के जास्त ऑक्सिजन आत, आणि कार्ब बरोबर लावलेला असला की ताकद जवळपास त्याच हिशोबात वाढते. १९.८ बीएचपीच्या इंजिनात हा फरक जवळपास दोन बीएचपीचा झाला, आणि हा निसर्ग फुकट देतो, फिल्टरचा डबा न उघडता. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, त्याने हवेचा दाब मुंबईपेक्षा ७ टक्के वगैरे कमी मिळतो, तोही फरक कुठल्याही स्वच्छ फिल्टरने होणाऱ्या फरकापेक्षा मोठा. ५ हजार आरपीएमच्या आसपास दम संपणाऱ्या इंजिनाला कंपनीचा पेपर फिल्टर स्वच्छ असेल तर हवा कमी पडतच नाही. म्हणून पिकअपबद्दल माझं मत आता बदललंय. आवाज शंभर टक्के खरा, ताकद जवळजवळ नाही.

जेटबद्दल (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) दोन शब्द, कारण विचारणारे खूप आहेत. सारडा सर्कलकडचे चाचा, ज्यांच्याकडे मी कार्बचं काम करून घेतो, त्यांनी फिल्टर बसवल्यावर प्लग काढून बघितला, रंग थोडा पांढरट, आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट यायची, म्हणजे मिक्स्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यांनी पायलटचा स्क्रू (कमी थ्रॉटलचं मिक्स्चर लावायचा) थोडा बाहेर घेतला आणि फटफट बंद झाली. मेन जेट बदलू नको म्हणाले आणि ते बरोबर होतं, कारण मेन जेट पाऊण थ्रॉटलच्या पुढे काम करतो आणि शहरातल्या द्वारका ते मुंबई नाका ट्रॅफिकमध्ये तिथपर्यंत कोण पिळतंय. मायलेज होतं तेवढंच राहिलं, वर नाही खाली नाही.

आता मूळ मुद्दा. कडेचं रबर.

मला माहितीये लोक म्हणतील एवढ्याशा रबरावर एवढं काय, पण माझ्यासाठी पूर्ण प्रॉडक्ट त्या रबरावर पास-नापास होतं. पेपर फिल्टरला कडेने मऊ, रुंद रबर असतं, डब्यात दाबलं की चहूबाजूने बसतं. याचं रबर कडक, अरुंद, आणि एका कोपऱ्यात किंचित बसकं. नवीन असताना डोळ्याला दिसत नाही. मार्चमध्ये फिल्टर धुवायला काढला तेव्हा सहज कार्बकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं. वरच्या बाजूला बोट स्वच्छ, खालच्या कोपऱ्याला बोटावर पिठासारखी राखाडी धूळ आली, चिमटीत चोळली तर करकर लागली. फिल्टरच्या आत, स्वच्छ बाजूला! म्हणजे हवा कापसातून न जाता कोपऱ्यातून थेट आत जात होती. असं असल्यावर तुमचा कॉटन किती धूळ पकडतो याला काही अर्थच उरत नाही.

आणि आपल्याकडची धूळ साधी नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्ते खोदलेत, खडी-मुरमाचे डंपर पुढे असतात, अंबडच्या आतल्या रस्त्यावर तर हेल्मेटची काच दिवसातून दोनदा पुसावी लागते. ही करकरणारी धूळ म्हणजे दगडाचा चुराच, ती पिस्टन रिंग आणि बोअर घासते, ऑइलमध्ये उतरते, मग गाडी ऑइल खायला लागते, निळा धूर येतो आणि बोअर-पिस्टनचं काम निघतं. दहा-बारा पेपर फिल्टरचे पैसे वाचवायला घेतलेला पार्ट जर इंजिन काम काढणार असेल तर तो मला फुकटसुद्धा नको.

यूट्यूबवर इनटेकचे व्हिडिओ बघत गेलं की एका टप्प्यावर स्नोमोबाईलचे, म्हणजे बर्फावर चालवायच्या गाड्यांचे, यायला लागतात, मी बरेच बघितले. तिकडे बॉनेटला मोठी तोंडं पाडतात, आत पेपर-बिपर काही नाही, फक्त बारीक जाळी, तीही भुरभुरीत बर्फ आत शिरू नये म्हणून. बऱ्याच स्नोमोबाईलला कारसारखा फिल्टर मुळातच नसतो कारण बर्फावर धूळ उडतच नाही. उणे १५ डिग्रीची हवा, ती तर आपल्या उन्हाळ्याच्या मानाने भलतीच दाट. त्या लोकांनी इनटेक मोकळा केला तर त्यांचं बरोबर आहे, आणि तिथेही इंधनाचं सेटिंग वाढवलं नाही तर टू-स्ट्रोकचा पिस्टन जळतो, हे ते स्वतःच सांगतात. आपल्याकडे ते बघून डबा काढून थेट कार्बला कोन फिल्टर लावणारे आहेत, त्यांना हात जोडून विनंती, निदान पावसाळ्याबाहेर तरी नका लावू.

रबरावर मी केलेला इलाज लिहून ठेवतो. कडेने सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, बोटाने, पूर्ण गोलाकार तुटू न देता. साधं ग्रीस नको, ते उन्हात पातळ होऊन गळतं आणि रबर फुगवतं. ग्रीस लावल्यावर पुढच्या वेळी बोट स्वच्छ आलं. पण दर वेळी डबा उघडला की हे परत करायचं, आणि ग्रीसची ट्यूब, धुवायचं लिक्विड, लाल तेलाची बाटली हे सगळं धरलं तर स्वस्ताईचा हिशोब तिथेच मोडतो. धुणं म्हणजे पण एक कामच, लिक्विड मारून दहा मिनिटं ठेवा, मग आतून बाहेर हलक्या पाण्याने, सावलीत वाळवा, घडी-घडीत तेल सोडा. पेट्रोल नाही, हेअर ड्रायर नाही आणि कॉम्प्रेसर तर अजिबात नाही.

पावसात मात्र या फिल्टरने मन जिंकलं, हे प्रामाणिकपणे लिहितो. जुलैत पेठ रोडने सावळ घाटात धो धो पाऊस, पुढच्या ट्रकचं पाणी अंगावर, आणि गाडी एकदाही अडखळली नाही. मागच्या वर्षी तिथेच पेपर ओला होऊन लगदा झाला होता आणि गाडी चाळीसच्या वर जात नव्हती. तेलामुळे कापूस पाणी धरत नाही. त्र्यंबक, हर्सूल, पेठ बाजूला रोज जाणाऱ्याला चार महिने याच्यासारखं काही नाही.

कालचं भांडण तासभर चाललं. शेवटी मॅनेजरने क्लिनिंगचे पैसे बिलातून काढले, फिल्टर भरून द्यायला मात्र तयार नाही. मी तिथल्या तिथे जॉब कार्डावर लिहून घेतलं की ग्राहकाने मनाई करूनही फिल्टर कॉम्प्रेसरने साफ केला, त्याखाली सही घेतली, फोटो काढला. पुढची तक्रार आता कागदावर करणार आहे. तोंडी सांगितलेलं तिथे कोणी ऐकत नाही, तुम्ही पण कॉटन वापरत असाल तर गाडी देतानाच कार्डावर मोठ्या अक्षरात लिहायला लावा, नाहीतर सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री फिल्टर काढून घरी ठेवा आणि पेपर टाकून गाडी द्या.

सध्या पेपर बसवलाय, चाचांनी पायलटचा स्क्रू परत जुन्या जागेवर आणला, आवाज गेलाय त्याचं वाईट वाटतं. दिवाळीनंतर ते जूनपर्यंत पेपरच, आणि तोही कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट न बघता आधीच बदलणार. पुढच्या पावसाळ्याला दुसऱ्या ब्रँडचा कॉटन घेईन, पण ऑनलाईन नाही, दुकानात गाडी घेऊन जाणार, त्यांच्यासमोर डब्यात बसवून कडेचं रबर चारही कोपऱ्यांत दाबून बघणार आणि एक कोपरा जरी सैल वाटला तरी पैसे देणार नाही.