मोफत संकेतस्थळ कुठे उभारावे : गूगल साइट्स, विक्स की वर्डप्रेस डॉट कॉम?

कोकणातल्या एका परिचित कुटुंबाने घरीच निवास व न्याहारीची सोय सुरू केली आणि त्यांच्यासाठी चार पानांचे संकेतस्थळ करून देण्याचे काम माझ्याकडे आले. खोल्या, जेवण, पोहोचण्याचा मार्ग आणि संपर्क एवढाच मजकूर होता. तो गूगल साइट्स, विक्स आणि वर्डप्रेस डॉट कॉम या तिन्ही ठिकाणी, पैसे न भरता आणि कोडची एकही ओळ न लिहिता, मांडून पाहिला.

पहिल्या तासाभरात विक्सची छाप सर्वांत चांगली पडते. तयार साचे देखणे आहेत आणि चित्र किंवा चौकट माउसने उचलून हवी तिथे ठेवता येते. मात्र याच मोकळिकीमुळे मोबाइलवरची मांडणी वेगळी तपासून नीट करावी लागते, आणि पाहुणे तर मोबाइलवरच पाहणार असतात. एकदा निवडलेला साचा नंतर बदलता येत नाही, त्यामुळे साचा निवडण्याची घाई करू नये. मोफत योजनेत ५०० एमबी जागा मिळते. फोनवरचे छायाचित्र साधारण चार एमबीचे धरले, तर ती सव्वाशे छायाचित्रांत भरेल. पानावर विक्सची जाहिरातपट्टी राहते, स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडण्यासाठी पैसे भरावे लागतात आणि आगाऊ रक्कम ऑनलाइन घेण्याची सोयही सशुल्क योजनेतच आहे.

गूगल साइट्स त्यामानाने साधे, किंबहुना थोडे रुक्षच आहे. साचे मोजके आणि सजावटीला वाव कमी; दुकान किंवा वाचकांच्या प्रतिक्रिया यांची अंगभूत सोय नाही. परंतु जाहिरात नसते, मोबाइलवरची मांडणी आपोआप जुळते आणि नकाशा, यूट्यूबवरील चित्रफीत किंवा खोलीच्या चौकशीचा गूगल फॉर्म काही मिनिटांत पानात बसवता येतो. बाहेरून विकत घेतलेले डोमेन जोडण्यासाठी गूगल वेगळे शुल्क घेत नाही, ही नवशिक्यांच्या सहसा लक्षात न येणारी सर्वांत मोठी सवलत आहे.

वर्डप्रेस डॉट कॉम शिकायला या दोन्हींपेक्षा अधिक वेळ लागतो. ‘पान’ (कायमचा मजकूर) आणि ‘नोंद’ (तारखेनुसार येणारा लेख) यांतला फरक समजेपर्यंतच एक संध्याकाळ जाते. मोफत योजनेत १ जीबी जागा मिळते, जाहिराती दिसतात आणि पत्त्यात वर्डप्रेसचे नाव राहते. तरीही नियमित लेखन करणाऱ्याने इथेच यावे, असे मला वाटते, कारण सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि पुढे भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचे वर्डप्रेस (त्याच नावाची मोफत प्रणाली) बसवले, तर तो तिथे जसाच्या तसा भरता येतो. विक्सवर बांधलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, आणि गूगल साइट्सच्या पानांसाठीही स्थलांतराची अशी सरळ वाट नाही.

बाहेर पडण्याचा विचार आरंभीच करावा, हे सांगणे अतिरेकी वाटेल. पण मोफत सेवा बंद पडतात. याहूने जिओसिटीज ही मोफत संकेतस्थळांची सेवा २००९ मध्ये गुंडाळली आणि गूगलने व्यवसायनोंदीसोबत (शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या माहितीसोबत) दिलेली मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी तोच पत्ता पाटीवर आणि कार्डांवर छापला होता, त्यांना तो बदलावा लागला. पत्ता स्वतःच्या डोमेनचा असेल, तर मागची सेवा बदलली तरी पाटी तशीच राहते.

मराठीसाठी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर दुसराच फॉन्ट लावतो आणि शीर्षक बेढब दिसते. मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट निवडणे श्रेयस्कर. दुसरे असे की, वर्डप्रेसमध्ये पानाचे शीर्षक मराठीत लिहिले की पत्ताही देवनागरीत तयार होतो, आणि तो व्हॉट्सअॅपवर पाठवताना अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. म्हणून पान प्रकाशित करण्यापूर्वीच पत्त्याचा तेवढा भाग रोमन लिपीत, आटोपशीर करून घ्यावा.

त्या कुटुंबासाठी मी गूगल साइट्स निवडले आणि डोमेन तेवढे विकत घ्यायला लावले. नेहमीच्या लेखनासाठी वर्डप्रेस निवडले असते. विक्सची शिफारस मी छायाचित्रकाराला किंवा चित्रकाराला करीन, तीही पुढे सशुल्क योजना घेण्याची तयारी असेल तरच. डोमेनचे आणि गूगलचे, दोन्ही खाती मात्र घरमालकिणीच्या ई-मेलवर उघडली, माझ्या नव्हे; मला फक्त संपादनाची परवानगी आहे आणि ती त्या केव्हाही काढून घेऊ शकतात.