बारावी सायन्सनंतर कोणती शिष्यवृत्ती धरायची: इन्स्पायर, केंद्राची की महाडीबीटीची?

गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ कापडी पिशवीत मुलीची सगळी कागदपत्रं घेऊन आमच्या स्टाफरूममध्ये आले. वर बारावीची गुणपत्रिका, खाली सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि अगदी तळाशी, का कुणास ठाऊक, मुलीच्या लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड. अडीच एकर कोरडवाहू, ओबीसी, दाखल्यावर वार्षिक उत्पन्न नव्वद हजार. मुलगी फिजिक्सला पक्की, सीईटीलाही ९३ पर्सेंटाईल. पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "सर, इंजिनिअरिंगची फी सरकार भरतंय म्हणतात. बीएस्सीला वर्षाला ऐंशी हजार मिळतात म्हणतात. यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरं होतं, आणि गोंधळ तिथेच होता. एका ठिकाणी सरकार फी माफ करतं, दुसऱ्या ठिकाणी हातात पैसे देतं. घरच्यांना मात्र दोन्हीचा आकडा एकाच तराजूत टाकायची सवय असते. दर वर्षी पाच-पंचवीस पालकांशी हेच बोलतो, म्हणून इथे एकदा सविस्तर मांडतो. मी शिक्षक आहे, समाजकल्याणचा माणूस नाही. पण अर्ज भरून घेता घेता बरंच कळलं आहे.

इन्स्पायरपासून सुरुवात करू, कारण ऐंशी हजारांचा आकडा तिचाच. ही योजना केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, २००८ साली सुरू झालेली. तिच्यातल्या 'शी' नावाच्या भागात पदवीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना वर्षाला ८० हजार रुपये आहेत. यातले ६० हजार हातात येतात, म्हणजे महिन्याला पाच हजार धरा. उरलेले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी आहेत, ते कॉटबेसिसच्या भाड्यात धरायचे नाहीत. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, म्हणजे बीएस्सी अधिक एमएस्सी, किंवा पाच वर्षांची एकात्मिक पदवी.

उत्पन्नाची अट नाही. हे ऐकून गरीब घरच्या पालकांचा चेहरा पडतो, पण अटीची जागा गुणांनी घेतली आहे: आपल्या बोर्डाच्या बारावीत पहिल्या १ टक्क्यात यावं लागतं. जेईई किंवा नीटमध्ये पहिल्या दहा हजारांत आलेल्यालाही दार उघडं आहे. आता नीटला पहिल्या दहा हजारांत आलेलं पोर बीएस्सीला येतंय कशाला, हा प्रश्न मी कधीच कुणाला मोठ्याने विचारलेला नाही. केव्हीपीवाय नावाची वेगळी परीक्षा होती, तीही २०२२ मध्ये इन्स्पायरमध्येच विलीन झाली. त्यामुळे "केव्हीपीवायचा क्लास लावू का?" असं अजूनही विचारणाऱ्यांनी ते पैसे वाचवावेत.

दोन ठिकाणी मुलं फसतात. पहिलं, विषय. भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, भूगर्भ, सूक्ष्मजीव, जीवरसायन असे मूळ विज्ञानाचे विषय चालतात. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बायोटेक्नॉलॉजी, आयटी यांना जागा नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, कृषी तर नाहीच. "बीएस्सीच आहे की" म्हणून कॉम्प्युटरला प्रवेश घेतलेली गुणवान मुलं मी दर वर्षी बघतो. दुसरं, वर्ष. ज्या वर्षी बारावी, त्याच वर्षी बीएस्सीला प्रवेश हवा. नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला की इन्स्पायर गेली. ड्रॉप घेऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण त्या निर्णयाची किंमत तीन लाखांपर्यंत जाऊ शकते, हे आधी माहीत असावं.

पैसे कधी येतात, हा खरा प्रश्न. अर्ज प्रवेशानंतर निघतात, बहुधा गणपती-दिवाळीच्या दरम्यान. मग छाननी, मग यादी, मग खात्याची आणि कॉलेजची कागदपत्रं, प्राचार्यांची सही-शिक्का. पहिल्या वर्षाची मेस या पैशांतून भागेल असा हिशोब मांडू नका. पहिलं वर्ष उसनं, पुढची वर्षं सरकारची, असं मी पालकांना सांगतो. पुढच्या वर्षांसाठीही गुणपत्रिका आणि कॉलेजचा शेरा दर वर्षी अपलोड करावा लागतो. गुण घसरले तर हप्ता थांबतो.

उन्हाळी प्रकल्पाचं थोडं जास्त सांगतो, कारण तालुक्याच्या कॉलेजातली मुलं इथे अडखळतात. मार्गदर्शक कुठून आणायचा? आपल्याच कॉलेजातले सर चालतात, आणि विद्यापीठाच्या विभागात पत्र पाठवलं तरी कुणीतरी घेतं. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी नियस नावाचा कार्यक्रम चालतो. आमची एक मुलगी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन महिने फक्त पातळ फिल्मची जाडी मोजत बसली होती. परत आली तेव्हा व्हर्निअरवर शून्याची चूक न बघता वाचन घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोरांवर ती डाफरायला लागली. साठ हजार हातात पडतात तो एक फायदा. पण जाणकार माणसाजवळ दोन महिने बसायला मिळतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी केंद्राची, उच्च शिक्षण विभागाची. हिचं नाव लांबलचक आहे, हल्ली पीएम-यूएसपी म्हणतात, आमच्याकडे "एनएसपीवाली" म्हणूनच ओळखली जाते, कारण अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. देशभरात वर्षाला ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. विज्ञान, वाणिज्य, कला यांची वाटणी ३:२:१, म्हणजे अर्ध्या सायन्सच्या. पदवीला वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी.

पात्रता आपल्या बोर्डाच्या ८० पर्सेंटाईलच्या वर. इथे पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर मुलं उभी केली तर वरच्या विसांत यायचं, इतकंच. ७८ टक्केवाल्या एका पोराने "माझे ऐंशी नाहीत" म्हणून अर्जच टाकला नाही. बोर्डाचा कटऑफ न बघता स्वतःला बाद करू नका.

महिन्याला हजार रुपये म्हणजे फार नाहीत. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, पुढे सवलतीचा पास काढावा लागतो. पास, झेरॉक्स, प्रॅक्टिकलच्या वह्या यांत हे पैसे जातात. तरी गावातून रोज जाऊन-येऊन बीएस्सी करणाऱ्याला यांचा आधार होतो. मुख्य अट मात्र ध्यानात ठेवा: दुसरी कुठलीही सरकारी शिष्यवृत्ती, अगदी राज्याची फीमाफीसुद्धा, घेतली असेल तर ही मिळत नाही.

म्हणून महाडीबीटीशी तुलना सरळ होत नाही. महाडीबीटी ही एक योजना नसून राज्याच्या डझनभर योजनांचं एकच पोर्टल आहे. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: फी आणि वर निर्वाहभत्ता. खुल्या गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, साधारण निम्मी शिकवणी फी. ओबीसी मुलग्यांनाही निम्मी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकवणी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा यातून वगळलेले आहेत.

आता तराजू लावा. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी मुळातच काही हजारांत असते. तिथे अर्धी माफ होऊन वाचणार काय? त्यापेक्षा केंद्राचे १२ हजार बरे. इंजिनिअरिंगला उलटं: फीच लाखाच्या घरात असेल तर बारा हजारांसाठी फीमाफी सोडणं वेडेपणा. अनुसूचित जातीच्या मुलाने तर एनएसपीच्या नादी लागूच नये, कारण त्याला पूर्ण फी, भत्ता आणि त्यावर स्वाधार असं मिळू शकतं.

स्वाधार आणि तिच्या बहिणी, मला वाटतं, सगळ्यांत कमी माहीत असलेल्या आणि सगळ्यांत कामाच्या योजना आहेत. शिक्षणाचा खरा खर्च फीचा नाही, राहण्या-खाण्याचा आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम. ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, पण इथे जिल्ह्याला ६०० च जागा आणि निवड गुणांवर. मराठा आणि खुल्या गटातल्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाहभत्ता. आपण ज्या शहरात शिकतो तिथले स्थानिक नसावं, ही यातली समजण्यासारखी अट.

आता ती पिशवी. मी पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. इंजिनिअरिंग, विभागाच्या मुख्य शहरात: शिकवणी फी शून्य, पण विकास शुल्क आणि इतर किरकोळ वेगळं, आणि खोली-मेस महिन्याला साडेपाच हजार धरली तर दहा महिन्यांचे ५५ हजार. आधार योजनेत नंबर लागला तर तेही निघतील. न लागला तर वडिलांच्या दाखल्यावरच्या उत्पन्नातले निम्म्याहून जास्त तिथेच संपतील. बीएस्सी, चाळीस किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी: फी किरकोळ, खोली-मेस चार हजार, म्हणजे ४० हजार. इन्स्पायर लागली तर साठ हजार येतील, पण उशिरा. पहिल्या वर्षासाठी मुलीच्या मावशीचं घर त्याच गावात होतं.

वडील म्हणाले, "म्हणजे पैशाने दोन्ही सारखंच?" जवळपास, हो. फरक वर्षांत होता. बीएस्सीच्या तीन वर्षांवर आमच्या भागात नोकरी लागत नाही, एमएस्सी हवीच, म्हणजे पाच वर्षं. घर पाच वर्षं थांबू शकतं का, धाकट्याची बारावी कधी, कर्ज किती, हे मी विचारलं. चौथ्या वर्षी घरी पगार यायलाच हवा असेल तर इंजिनिअरिंग, मग फिजिक्स कितीही आवडो. थांबता येत असेल आणि पोरीला खरंच पुढे शिकायचं असेल, तर या घरासाठी इन्स्पायरइतकं चांगलं दुसरं काही मला दिसलं नाही. घरी काहीही ठरो, कॅपचा अर्ज आणि बीएस्सीचा प्रवेश दोन्ही चालू ठेवा, असंही सांगितलं. आयसरचं, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचं, बोललोच नाही. पुण्याच्या आयसरला पाच वर्षांची बीएस-एमएस आहे, पण प्रवेशपरीक्षेचा अर्ज वसंतातच भरायचा असतो आणि आमची मुलं निकालानंतर विचारायला येतात. हे मी आता अकरावीच्या वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून ठेवतो.

मुलीने बीएस्सी घेतली. पण निघताना तिला मी बँकेचं विचारलं आणि बरं झालं. आधार खात्याला लिंक असणं आणि शिष्यवृत्तीसाठी सीड असणं या दोन गोष्टी वेगळ्या. सरकारी पैसा आधारवर शेवटचं जे खातं सीड केलं असेल तिथे जातो, अर्जात कुठलंही खातं लिहा. तिचं नवं खातं एका बँकेत, पासबुक हातात, पण आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस उघडलं तर दुसऱ्याच बँकेचं नाव: दहावीत असताना कुणीतरी शाळेत शिबिर लावून उघडलेलं, तिला आठवतही नसलेलं शून्य शिलकेचं खातं. ते खातं बंद पडलेलं होतं. नव्या बँकेत सीडिंगचा अर्ज दिला, दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मॅनेजरसमोर बसून भरला. आठवड्याने स्टेटस बदललं तेव्हा तिने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. अजून इन्स्पायरचा अर्जही निघाला नव्हता.