ख छापायची गरज नाही: हातातल्या कम्प्युटरवर आठ महिने मराठी टाइप करून

मी लिफ्ट मेंटेनन्सचं काम करतो. दिवसाला चार-पाच बिल्डिंगी होतात, गिरगाव, दादर, परळ, कधी मुलुंडला घराजवळच, आणि प्रत्येक ठिकाणी मशीन रूममध्ये उभ्या उभ्या नोंद करावी लागते, वायर रोपची काय हालत आहे, ब्रेकचं लायनिंग किती उरलंय, पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, पाणी साचलंय का वगैरे. फोनवर करून बघितलं, पण ग्रीस लागलेल्या अंगठ्याने काचेवर धड टाइप होत नाही आणि न बघता तर नाहीच नाही. म्हणून खरी दाबायची बटणं असलेला छोटा कम्प्युटर स्वतःच जुळवला. आत रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा एकाच छोट्या बोर्डावरचा कम्प्युटर, ५१२ एमबी रॅम, वर पाच इंची स्क्रीन, आणि कीबोर्डसाठी वेगळी चिप ज्यात क्यूएमके फर्मवेअर, म्हणजे कीबोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, टाकलंय. स्क्रीन आणि बॅटरीबद्दल काही लिहीत नाही, ते ठीक चाललंय. आठ महिन्यांत जे काही शिकलो ते बटणांनी शिकवलं, कुठलं अक्षर कुठे ठेवायचं आणि बटणावर छापायचं काय.

लेआउट, म्हणजे अक्षरांची मांडणी, इनस्क्रिप्टच घेतला. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिणारी पद्धत सवयीची होती, पण त्यात कम्प्युटर अंदाज करतो आणि तो बरोबर आहे का हे बघायला मान खालीच ठेवावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये अंदाज नाही, जे दाबाल तेच येतं. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने हा लेआउट ठरवला तेव्हा दोन अंगठ्यांचा विचार कोणी केला नसणार, पण अंगठ्यांना तो इतका बसतो की मला खरंच आश्चर्य वाटलं. मात्रा जवळपास सगळ्या डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. मराठी शब्द व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असा चालतो, त्यामुळे 'दोरी' किंवा 'जाळी' लिहिताना उजवा-डावा-उजवा-डावा असे अंगठे आलटून पालटून पडतात, एक दाबतोय तोवर दुसरा पुढच्या बटणावर पोचलेला असतो. म, न, व मात्र खालच्या ओळीत डावीकडे येतात, तिथे ही लय तुटते. 'पाणी'मध्ये प सोडला तर सगळं काम डाव्या अंगठ्यावर.

पहिली चूक कॉलमची झाली. छोट्या कीबोर्डला दहा कॉलम असतात म्हणून मीही दहाच ठेवले, आणि मग लक्षात आलं की इनस्क्रिप्टमध्ये ड अकराव्या जागी आहे आणि ट पण अकराव्या. ट आणि ड फंक्शन बटणाखाली, म्हणजे ते धरून दुसरं बटण दाबलं की येतील असे, लपवून मराठी लिहून बघा, दोन वाक्यांत वैताग येतो. दुसरा बोर्ड अकरा कॉलमचा केला आणि सगळं आपोआप जागेवर बसलं. वरच्या ओळीत ड, मधल्या ओळीत ट, खालच्या ओळीत अकरावं बटण रिकामं राहिलं तिथे ॉ टाकला, कारण माझ्या नोंदी म्हणजे डोअर लॉक, कॉल बटण, कॉन्टॅक्टर. झेडच्या जागी दक्षिणेकडच्या भाषांचा ऱ्हस्व ए आहे, मराठीला तो लागत नाही, म्हणून तिथे ॅ आणि शिफ्टला ॲ. हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या लेआउटांमध्ये त्याची सोयच नाही. कम्प्युटर लिनक्सवर चालतो, त्याच्या लेआउटच्या फाइलमध्ये दोन-तीन ओळी बदलल्या की झालं.

आता शिफ्ट. इनस्क्रिप्टमध्ये क आणि ख एकाच बटणावर, ग-घ एकावर, त-थ, द-ध, प-फ, ब-भ सगळे तसेच जोडीने, आणि मात्रा शिफ्टने दाबली की तिचा अख्खा स्वर, म्हणजे ा चा आ. टेबलावरच्या कीबोर्डवर करंगळी शिफ्ट धरते, पण लोकलमध्ये एका हाताने वरची कडी पकडली की उरतो एकच अंगठा. यावर क्यूएमकेमध्ये ऑटो शिफ्ट नावाची सोय आहे, बटण जरा जास्त वेळ दाबून ठेवलं की शिफ्टचं अक्षर येतं. चालू केलं आणि पहिल्याच दिवशी जे जाणवलं ते मी कितीतरी जणांना सांगितलंय: ख म्हणजे क ला जरा जास्त श्वास, आणि इथे ख म्हणजे क ला जरा जास्त दाब. अल्पप्राण-महाप्राण शाळेत पाठ केलं होतं ते असं अंगठ्यात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. आठवड्याभरात शिफ्टचं बटण विसरलो.

तरी थोडी खटपट करावी लागली. मुळात त्यात वेळ असते १७५ मिलिसेकंद, ती मला फार कमी पडली, टाकी लिहायला गेलं की ठाकी यायचं. २४० केली तर बरं झालं पण अर्धंच, कारण खरा दोष स्विचचा होता. लॅमिंग्टन रोडवरून जे छोटे टॅक्टाइल स्विच आणले होते ते २६० ग्रॅमचे, दाबायला जड, त्यामुळे अंगठा बटणावर नको इतका रेंगाळायचा. १६० ग्रॅमचे लावले आणि ठाकी जवळपास बंद झाली. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या, ऑटो शिफ्टमध्ये साधं अक्षर बटण सोडल्यावर उमटतं, दाबल्यावर नाही, सुरुवातीला कम्प्युटर मागे पडल्यासारखा वाटतो.

छापायच्या अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिल्या खेपेला सगळंच छापलं, आठ मिलिमीटरच्या बटणावर इंग्रजी अक्षर, साधं मराठी, शिफ्टचं मराठी आणि फंक्शनचं चिन्ह, एकूण चार. काहीच वाचता येईना. लिफ्टमध्ये दार उघडायचं आणि बंद करायचं बटण असतं ना, दोन त्रिकोण बाहेर तोंड करून आणि दोन त्रिकोण आत तोंड करून, कोणीतरी धावत येत असतं आणि आतला माणूस घाईत नेमकं बंदचं दाबतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय. खूण बघून विचार करावा लागला की ती खूण वाया गेली.

मग एकेक अक्षर काढत गेलो. जे नियमाने कळतं ते छापायचं नाही. क दिसला की ख त्याच्याच पोटात आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही, म्हणून ख, घ, थ, ध, फ, भ सगळे काढले. भ आणि ध गेल्याचा आणखी एक फायदा, लहान आकारात शिरोरेषेची फट दिसत नाही आणि भ चा म, ध चा घ दिसतो, तो गोंधळच संपला. जे नियमात बसत नाही तेवढं ठेवलं: म च्या बटणावर ण, स वर श, ल वर ळ, स्वल्पविरामावर ष, आणि र वर ऱ. हा ऱ मी मुद्दाम ठळक छापलाय. 'दुसऱ्या मजल्यावर', 'तिसऱ्या मजल्यावर' हे मला रोज लिहायचं असतं आणि साधा र घेतला तर सूर्यातला र्य येतो, रफार वर चढतो, दुसर्या असं काहीतरी भलतंच दिसतं. ऱ, हलन्त, य असं दाबलं की बरोबर येतं.

मात्रांसाठी तुटक गोल आणि त्यावर मात्रा अशी पुस्तकी पद्धत आहे, तो गोल एवढ्याशा बटणावर धूळ बसल्यासारखा दिसतो. मग अख्खे स्वर छापले तर हात इ समजून दाबायचा आणि ि यायची. शेवटी फक्त मात्रा, थोड्या मोठ्या, बारीक शिरोरेषेसकट. फॉन्ट 'मुक्त' नावाचा, आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला आणि फुकट मिळणारा, लहान आकारात ु आणि ू वेगळे ओळखू येतात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. इंग्रजी अक्षर वर डाव्या कोपऱ्यात, बारीक आणि राखाडी.

स्टिकर लावू नका. मार्चमध्ये छान दिसत होते, जून लागला आणि घामाने, पावसाच्या ओल्या हातांनी कडा सुटायला लागल्या, आधी गेला ा कारण तोच सगळ्यात जास्त दाबला जातो. आता बटणांवर लेझरने अक्षर कोरून त्यात पांढरा रंग भरलाय, पिटमध्ये टॉर्च मारला की स्वच्छ दिसतं.

आईने पण तो वापरून बघितला. ती ऑफिसात मराठी टायपिस्ट होती, रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेला. पहिल्याच शब्दाला म्हणाली, "अरे, वेलांटी आधी नाही का दाबायची?" टाइपरायटरवर अक्षर जसं कागदावर दिसतं तसं डावीकडून उजवीकडे दाबत जायचं, म्हणून ि आधी आणि व्यंजन नंतर, इथे जसं बोलतो तसं. तिला ते पटलं पण हाताला पटायला तीन आठवडे लागले. तिनेच सांगितलं की न बघता लिहायचं तर बोटाला खूण हवी. मोठ्या कीबोर्डवर एफ आणि जे वर उंचवटा असतो पण अंगठे तिथे टेकतच नाहीत, माझे टेकतात हलन्तावर आणि क वर, म्हणून त्या दोन बटणांवर बारीक ठिपका उठवून घेतला. याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच छपाईने पडला नाही.

अजून खटकतं ते एवढंच की ृ फंक्शनखाली आहे, कृपया लिहिताना थांबावं लागतं, आणि स्लीप मी बॅकस्पेसच्या शेजारी ठेवलं होतं, त्यापायी परळच्या एका मशीन रूममध्ये अर्धी नोंद टाकून स्क्रीन काळी झाली. स्लीप आता बाजूच्या कडेला हलवलंय. पुढच्या बोर्डात ृ ला स्वतःचं बटण देणार आहे, आणि आईला ङ छापलेला हवाय, वाङ्मय लिहिताना तिला तो ह च्या बटणावर सापडला नाही.