केशरोपणासाठी 'बिनव्याजी हप्ते': सोय, तिची खरी किंमत आणि इतर मार्ग

केशरोपण करणाऱ्या क्लिनिकांमध्ये 'बिनव्याजी हप्ते' ही पाटी आता सर्रास दिसते. मी जिथे शस्त्रक्रिया करून घेतली तिथेही ती होती. खर्चाचा मोठा भाग मी साठवलेल्या पैशांतून दिला आणि उरलेला अल्प मुदतीच्या हप्त्यांतून फेडला. शस्त्रक्रियेविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण तिचे पैसे कसे उभे करावेत याविषयी फारसे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून हे परीक्षण केवळ हप्त्यांच्या त्या सोयीचे आणि तिला असलेल्या पर्यायांचे आहे. डॉक्टरांचे कौशल्य हा स्वतंत्र विषय आहे.

सोयीच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. कागदपत्रे थोडी लागतात, तारण मागितले जात नाही, मंजुरी लवकर मिळते आणि हप्ता ठरलेला असल्यामुळे महिन्याचा हिशेब बसवता येतो. केस गळण्याचे दुःख अनेकांना घरातही बोलून दाखवता येत नाही. अशा माणसाला कोणापुढे हात न पसरता उपचार घेता येतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हप्ते मी वेळेवर भरले आणि त्या काळात वित्तसंस्थेकडून कोणताही त्रास झाला नाही.

माझा आक्षेप आहे तो ही सोय ज्या क्षणी आणि ज्या रीतीने पुढे केली जाते त्यावर. टाळूचे मोठे केलेले छायाचित्र समोरच्या पडद्यावर असते, विरळ झालेला भाग दाखवला जात असतो, आणि त्याच बैठकीत सल्लागार कर्जाचा अर्ज पुढे सरकवतो. त्या अवस्थेत माणूस आकडे नीट पाहू शकत नाही. वैद्यकीय तपासणी आणि पैशांची बोलणी वेगवेगळ्या दिवशी व्हावीत असे माझे ठाम मत आहे, आणि क्लिनिकने तसे केले नाही तर रुग्णाने स्वतः तो दिवस मागून घ्यावा. शिवाय 'आमचे हप्ते' असे म्हटले जात असले तरी पैसे देणारी वित्तसंस्था बहुधा वेगळी असते. क्लिनिकला रक्कम आधीच मिळून जाते आणि आपण ऋणी राहतो ते त्या संस्थेचे. केस अपेक्षेप्रमाणे उगवले नाहीत किंवा क्लिनिकच बंद पडले, तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत.

आता 'बिनव्याजी' या शब्दाकडे वळू. पहिला प्रश्न असा विचारावा की संपूर्ण रक्कम एकदम दिली तर किती सूट मिळेल. समजा, पत्रकावर 100 हा आकडा आहे, एकरकमी देणाऱ्याला तो 90 पडतो आणि हप्ते घेणाऱ्याला मात्र 100 च भरावे लागतात. मग 90 च्या उपचारासाठी आपण 12 मासिक हप्त्यांत 100 देतो आणि हे कर्ज वार्षिक सुमारे 20 टक्के दराचे ठरते, जरी कागदावर व्याजाचा रकाना शून्य असला तरी. प्रक्रिया शुल्क घेतले जात असेल तर दर त्याहूनही वर जातो. हिशेबाची दुसरी खोच 'फ्लॅट' दराची आहे. मूळ रकमेवर वर्षाला 10 टक्के व्याज लावून त्याचे 12 हप्ते पाडले, की ऐकायला दर 10 टक्केच राहतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असतानाही व्याज पूर्ण मुद्दलावर आकारलेले असते, त्यामुळे घटत्या शिल्लकीवर तोच दर सुमारे 18 टक्के होतो. म्हणून हप्ता किती हे विचारून थांबू नये. सर्व शुल्कांसह एकूण किती भरायचे आणि घटत्या शिल्लकीवर वार्षिक दर किती, हे दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. मी मागितल्यावर ते मिळाले, मात्र मागेपर्यंत कोणी आपणहून दिले नाहीत.

काही करारांत आणखी एक कलम असते: सवलतीच्या मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही, तर व्याज पहिल्या दिवसापासून मोजून लावले जाते. शेवटचा एखादा हप्ता चुकला तरी आधीची सगळी बचत त्यात जाऊ शकते. क्रेडिट कार्डावर पूर्ण खर्च टाकून दरमहा केवळ किमान रक्कम भरत राहणे हा मार्ग तर मी कोणालाही सुचवणार नाही.

पैशांचा निर्णय वैद्यकीय वेळापत्रकापासून तोडून घेऊ नये, हे मला सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. आनुवंशिक टक्कल ही पुढे सरकत राहणारी प्रक्रिया आहे. रोपण केलेले केस बहुधा टिकतात, कारण ते डोक्याच्या मागच्या व बाजूच्या, सहसा न गळणाऱ्या भागातून घेतलेले असतात. परंतु आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहतात. त्यामुळे अनेक जबाबदार डॉक्टर, विशेषतः तरुण रुग्णांना, आधी काही महिने ते वर्षभर औषधोपचार करून गळती स्थिरावते का हे पाहायला सांगतात. मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठीचे फिनास्टेराइड ही त्यातली प्रमुख औषधे होत. दोन्ही जेनेरिक स्वरूपात मिळतात आणि शस्त्रक्रियेच्या तुलनेत त्यांचा खर्च फारच कमी असतो. त्यांचे दुष्परिणाम असू शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. जे वर्ष औषधासाठी द्यायचेच आहे, ते वर्ष पैसे साठवण्यासाठी आयते हाती येते. सल्लागाराने सांगितलेल्या हप्त्याएवढी रक्कम त्या काळात दरमहा बाजूला टाकली, तर हा हप्ता आपल्याला खरोखर झेपतो का हेही कर्जात न अडकता कळते. औषध लागू पडले तर लागणाऱ्या ग्राफ्टची, म्हणजे मुळांसह काढून लावल्या जाणाऱ्या केसांच्या छोट्या पुंजक्यांची, संख्या कमी होण्याची शक्यता असते, आणि अनेक ठिकाणी आकारणी ग्राफ्टवरच होत असल्याने खर्चही त्या प्रमाणात उतरतो.

शस्त्रक्रियेनंतरचा काळही हिशेबात धरायला हवा. रोपण केलेल्या केसांपैकी बरेचसे पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात. नवी वाढ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सुरू होते आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्षभर, डोक्याच्या वरच्या भोवऱ्याजवळ तर कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे पहिले कित्येक हप्ते आरशात काहीही बदल दिसत नसताना भरावे लागतात. याची मानसिक तयारी नसेल तर ते फार जड जातात. गळती पुढे वाढल्यास काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. पहिले कर्ज फिटायच्या आत दुसऱ्याची गरज पडावी इतकी लांब मुदत कधीच घेऊ नये.

इतर मार्गांपैकी आरोग्य विम्याची आशा सहसा धरू नये, कारण आनुवंशिक टक्कलावरील रोपण सौंदर्योपचारात मोडते. भाजल्यामुळे किंवा अपघातामुळे केस गेले असतील तर मात्र विमा कंपनीकडे जरूर चौकशी करावी. खर्चाचे टप्पे पाडणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो: चेहऱ्याची चौकट ठरवणारा पुढचा भाग आधी, आणि मागचा भोवरा पुढे कधीतरी, तोही डॉक्टरांना योग्य वाटल्यास. पद्धतीनुसारही खर्च बदलतो. त्वचेची पट्टी काढून केली जाणारी एफयूटी ही एकेक ग्राफ्ट सुटा काढण्याच्या एफयूईपेक्षा बहुधा स्वस्त पडते, पण मागे रेषेसारखा व्रण राहतो आणि केस फार बारीक कापणाऱ्याला तो दिसतो. नातेवाइकाकडून पैसे घेतले तरी फेडीच्या तारखा लिहून काढाव्यात. त्याने नाते सांभाळले जाते.

खर्च वाचवण्यासाठी अतिस्वस्त क्लिनिक निवडणे हा मार्ग मी यात धरतच नाही. डोक्याच्या मागच्या भागातून घेता येणारे ग्राफ्ट मर्यादित असतात आणि एकदा वाया गेलेले परत मिळत नाहीत. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तींकडून होणाऱ्या शस्त्रक्रियांविरुद्ध केशरोपण शल्यचिकित्सकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएसएचआरएस हिने मोहीमच चालवली आहे. बिघडलेले काम दुरुस्त करायला पुन्हा खर्च येतो, आणि ग्राफ्ट उरलेच नसतील तर पैसे असूनही दुरुस्ती होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेतला कोणता भाग डॉक्टर स्वतः करणार, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की निम्म्याहून अधिक रक्कम हाताशी असेल, उरलेली वर्षभरात फिटणार असेल आणि एकरकमी सूट नगण्य असेल, तर ही सोय घेण्यासारखी आहे. पूर्ण खर्च अनेक वर्षांच्या हप्त्यांवर टाकण्यासाठी मी ती सुचवणार नाही. सही करण्यापूर्वी तीन कलमे मात्र नीट वाचावीत. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आहे का, हे पहिले. डॉक्टरांनी ऐन वेळी शस्त्रक्रिया नाकारली, किंवा आपण ती रद्द केली, तर अनामत आणि कर्ज यांचे काय होणार, हे दुसरे. आणि ठरल्यापेक्षा कमी ग्राफ्ट लावले गेले तर फरकाची रक्कम थेट वित्तसंस्थेकडे परत जाऊन मुद्दल घटणार की नाही, हे तिसरे. माझ्या करारात हे शेवटचे कलम छापील मसुद्यात नव्हते. विनंती केल्यावर क्लिनिकने ते हाताने लिहून त्यावर सही-शिक्का दिला.