नॅनोव्हीएनए एच४ : सहा महिने वापरल्यावर

सोलापुरात घरीच रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर रिपेअर करतो त्यामुळे फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच पुढे सोडणारा भाग) तपासायचं काम रोजचंच. आधी सिग्नल जनरेटरचा नॉब फिरवायचा, स्कोपवर व्होल्टेज बघायचं, वहीत लिहायचं आणि मग ग्राफ काढायचा, एका फिल्टरमागे अर्धी दुपार जायची. आता हा ४ इंची स्क्रीनवाला नॅनोव्हीएनए, म्हणजे फ्रिक्वेन्सी स्वतःच बदलत जाऊन फिल्टरचा ग्राफ काढणारं छोटं मशीन, घेतलाय आणि खरं सांगतो, हातातून सुटत नाही.

परवा एफएमचा १०.७ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर लावला. हा ३३० ओहम इम्पिडन्सचा (सिग्नलला होणारा विरोध) असतो आणि मशीन ५० चं, दोन्ही जुळवायला हवेत, म्हणून दोन्ही बाजूला २८० ओहमच्या आसपास सिरीज रेझिस्टन्स टाकायचा, हे विसरलात तर ग्राफ वेडावाकडा येतो आणि चांगला फिल्टर तुम्ही कचऱ्यात टाकाल! या रेझिस्टन्समुळे साधारण १६.४ डीबी (डेसिबल) लॉस, म्हणजे सिग्नलची घट, जास्तीचा दिसतो, तो वजा धरा. १०.२ ते ११.२ मध्ये १०१ पॉइंट ठेवले की दर १० किलोहर्ट्झला एक रीडिंग, आपोआप.

यूएसबीने लॅपटॉपला जोडून पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, आता फिल्टर बदलायचा, एंटर दाबायचं, फाइल सेव्ह. वीस पीस चहा गार व्हायच्या आत होतात.

कॅलिब्रेशन (मोजण्याआधी मशीन अचूक लावून घेणं) मात्र रेंज बदलली की परत करायचंच, ओपन (टोक मोकळं), शॉर्ट (टोक जोडलेलं), लोड (५० ओहम), थ्रू (दोन्ही पोर्ट थेट जोडून) सगळं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मी दुपारी परत एकदा करतो. ऑडिओवाल्यांनी घेऊ नका, खालच्या फ्रिक्वेन्सीला हा कामाचा नाही. आरएफवाल्यांनी (रेडिओ फ्रिक्वेन्सीचं काम करणाऱ्यांनी) डोळे झाकून घ्या.