दाराच्या काचेचे १२,५०० रुपये: बिलातल्या एकेका ओळीचा हिशेब

काच (ओरिजनल) ४,८००. रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा) मोटरसह ३,६५०. सीलंट ६५०. मजुरी १,२००. आतली साफसफाई ३५०. त्यावर १८ टक्के जीएसटी १,९१७. एकूण १२,५६७, आणि वर उपकार केल्यासारखे ६७ रुपये माफ.

साध्या पेट्रोल हॅचबॅकच्या डाव्या पुढच्या दाराची एक काच बदलायला कोल्हापुरातल्या एका गॅरेजनं घेतलेले हे पैसे. गॅरेजचं नाव लिहीत नाही. पाटी बदलली की हेच धंदे पुढच्या गल्लीत सुरू होतात, त्यामुळं नावापेक्षा पद्धत ओळखलेली बरी. फसवणुकीची जातकुळी नेहमीचीच: आधी घाई करायची, मग घाबरवायचं, मग जुना माल गायब करायचा. पण काचेच्या कामात हे कुठल्या कुठल्या फटीतून घुसतं, ते नीट सांगतो.

आधी सीलंटची ओळ, कारण खरा संताप तिथंच आहे. एस्टिमेट व्हॉट्सॲपवर आलं त्यात तिसऱ्याच ओळीत 'सीलंट ६५०' असं स्वच्छ लिहिलं होतं. दाराची काच वर-खाली सरकते. सरकणारी काच चिकटवतं कोण? सीलंट, म्हणजे ते काळं पॉलीयुरेथेन, पुढच्या विंडशील्डला आणि मागच्या फिक्स काचांना लागतं. दाराची काच रेग्युलेटरच्या पट्टीवर बहुतेक गाड्यांत दोन बोल्टांवर किंवा क्लॅम्पवर बसते आणि दोन्ही बाजूंनी रबरी चॅनेलमध्ये पळते. काही जुन्या गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला लोखंडी चॅनेल चिकटवलेलं असतं, तेवढाच अपवाद. म्हणजे ज्या वस्तूचा या कामाशी संबंधच नाही तिचे पैसे आगाऊ सांगून घेतले. ही एक ओळ वाचूनच गाडी तिथून काढायला पाहिजे होती. आता कुणी म्हणेल, मग काढली का नाही? अहो, जुलैचा पाऊस, दाराला प्लास्टिक, सीटवर काचेचा चुरा, आणि समोरचा माणूस 'साहेब, उद्या सुट्टी हाय, आत्ताच सांगा' म्हणत उभा. अशा वेळी ६५० च्या ओळीवर कोण अडून बसतं? हे लोक नेमके त्याच वेळेवर जगतात.

पुढचा दर 'ओरिजनल'चा. त्याच मॉडेलच्या त्याच दाराची काच नंतर कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारली, एमआरपी २,१४०. एमआरपीत कर आलेला असतो, त्यावर परत जीएसटी लावणं म्हणजे दुहेरी लूट. फोनवर चेसिस नंबर सांगितला की काउंटरवाला पार्ट नंबर आणि किंमत पाच मिनिटांत सांगतो. कामाला होय म्हणण्याआधी हा एक फोन करा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

आणि ती काच ओरिजनल तर नव्हतीच, टफन्डसुद्धा नव्हती. हे नीट समजून घ्या. विंडशील्ड लॅमिनेटेड असतं, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर. फुटलं तरी जागेवर लटकून राहतं. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. भट्टीत तापवून एकदम गार केलेली, त्यामुळं फुटली की ज्वारीच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. टफन केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकं पाडता येत नाहीत, कडा घासल्या तरी ती सगळीच्या सगळी फुटू शकते. आकार, भोकं, कडा, सगळं आधी करून मग भट्टीत घालतात. म्हणून जो दुकानदार म्हणतो 'मापात कापून बसवतो', तो घराच्या खिडकीची साधी काच बसवतोय. साधी काच अपघातात सुरीसारखी फुटते, आणि दाराच्या काचेपासून माणसाचा गळा वीतभर अंतरावर असतो.

ओळखायची कशी? काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या काचेवर उत्पादकाचं नाव, आयएसआयचं चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. असाही इंडिया, सेंट-गोबेन सेक्युरिट ही नेहमी दिसणारी नावं. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुणाचा आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. शिक्का काचेतच भाजलेला असतो, नखानं खरवडला तर निघत नाही. स्टिकर असेल तर समजून जा. बहुतेक कंपन्या वर्षाचा आकडा आणि महिन्याचे ठिपकेही छापतात. चारही दारांच्या काचा शेजारी शेजारी ताडून बघा. नव्या काचेवरचं वर्ष वेगळं असणारच, त्यात खोट नाही, पण हिरवट छटा जुळली पाहिजे.

आमच्या त्या ४,८०० च्या काचेचा कोपरा कोरा. विचारलं तर उत्तर, 'इम्पोर्टेडवर मार्क नसतो.' साफ खोटं. बाहेरून आलेल्या काचेवर उलट जास्त खुणा असतात, युरोपचा गोलातला 'ई', अमेरिकेचा डीओटी क्रमांक. आणखी एक चाचणी: उन्हात पोलराईज्ड गॉगल लावून तिरकस बघा. टफन्ड काचेत गडद ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. बाकी तीन काचांत दिसली, या काचेत काही नाही.

रेग्युलेटरचे ३,६५० हा तर जुना डाव. काच फुटली की दाणे दारात पडतात, केबलच्या ड्रमात अडकतात, मोटर कुरकुरते. तेवढ्यावर 'रेग्युलेटर गेलाय' असं जाहीर होतं. म्हणून काच फुटल्यावर त्या दाराचं बटण अजिबात दाबू नका. दाबलं की दाणे आत ओढले जाऊन खरोखरच केबल तुटू शकते. दार उघडून सफाई झाल्यावर, काच बसवण्याआधी, मिस्त्रीला रिकामा रेग्युलेटर वर-खाली करून दाखवायला सांगा. पट्टी न अडखळता, एका वेगानं गेली तर तो चांगला आहे. बदलायचाच असेल तर जुना हातात मागा, गाडीच्या डिकीतच टाकायला लावा. 'जुना भंगारात गेला' हे वाक्य ऐकलं की पैसे थांबवा.

नंतर दुसऱ्या गॅरेजात दार उघडल्यावर दिसलं ते असं: रेग्युलेटर तोच जुना, कारखान्याचं पिवळं पडलेलं स्टिकर तसंच, वर फक्त ताजं ग्रीस फासलेलं. काचेचा दोनपैकी एकच बोल्ट बसवलेला, दुसरा दाराच्या तळाशी, काचेच्या दाण्यांत पडलेला. तळाची पाणी जायची भोकं दाण्यांनी बुजलेली. आणि दाराच्या आतल्या पॅडच्या मागची प्लास्टिक शीट फाडून खाकी टेपनं चिकटवलेली. साफसफाईचे ३५० घेतले होते ना? ओंजळभर दाणे निघाले.

त्या शीटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इकडं सगळ्यात जास्त नुकसान तिनंच होतं. दाराच्या आत पावसाचं पाणी जातंच, ते अडवायचं नसतं. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं, आणि शीटनं ते केबिनमध्ये येऊ द्यायचं नसतं. शीट काळ्या चिकट ब्युटाईलवर बसते. सावकाश ओढली तर तीच परत बसते; ब्युटाईल धुळीनं मेलं असेल तर नवी ब्युटाईल पट्टी लावायची, साधी टेप नाही. गगनबावड्याकडच्या पावसात एकदा जाऊन आलात की खाकी टेप सुटते, पायाखालचं कार्पेट भिजतं, आठवड्यात कुबट वास. मग तोच मिस्त्री 'सनरूफ नाही तर पाणी कुठनं येतंय बघावं लागंल' म्हणून नवं बिल काढतो. काही गाड्यांत एअरबॅगचा प्रेशर सेन्सर पुढच्या दारात असतो, तिथं शीट फाटलेली चालतच नाही.

बरोबर काम कसं दिसतं ते बघून ठेवा, उभं राहून तपासता येईल. हँडलच्या टोपणाखालचे स्क्रू, आरशाच्या कोपऱ्यातलं त्रिकोणी झाकण, मग क्लिपा सोडवून पॅड वर उचलून निघतं. खसकन ओढलं की क्लिपा तुटतात आणि नंतर दार खडखडतं. दार आणि चॅनेल व्हॅक्यूमनं साफ. खिडकीच्या कमरेच्या पट्टीतल्या मखमलीत दाणा राहिला तर नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभी रेघ उठते, म्हणून तिथं बोट फिरवून बघा, जपून. काच तिरकी आत सोडायची, बोल्ट आधी ढिलेच ठेवायचे, काच पूर्ण वर नेऊन चॅनेलमध्ये बसू द्यायची आणि मगच आवळायचे. आधी आवळले की काच तिरकी चढते, ऐंशीच्या पुढं शिट्टी वाजते. ऑटो-अपवाली, म्हणजे एकदा बटण दाबलं की आपोआप वर जाणारी खिडकी असेल तर शेवटी रीसेट लागतं, साधारण काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. तासा-दीड तासाचं काम आहे. 'संध्याकाळपर्यंत सोडून जावा' म्हणणाऱ्याला कारण विचारा.

दुरुस्तीचा दुसरा खर्च: काच २,१४०, ब्युटाईल पट्टी १८०, आठ क्लिपा १२०, मजुरी ६००. एकूण ३,०४०. हेच काम पहिल्यांदा व्हायला पाहिजे होतं.

विम्याचं काय, असं विचारणारे असतातच. सर्वंकष विम्यात काचेच्या भागांवर घसारा शून्य धरतात, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट, त्यापुढं २,०००. क्लेम केला की नो क्लेम बोनस (एनसीबी) जातो, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जो असेल तो, ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावरचा. तीन हजारांच्या कामाला क्लेम परवडत नाही, हे खरं. पण १२,५०० च्या कामाला परवडला असता, आणि गॅरेजवाल्यानं 'एनसीबी जाईल, कशाला क्लेम करताय' ही काळजी दाखवली ती उगाच नव्हे. क्लेम झाला असता तर कुणीतरी पार्ट नंबर विचारला असता, जुना रेग्युलेटर मागितला असता. विमा कंपनीच्या फोनवर नंतर विचारलं, तर 'काम आधी केलंत, आता काही होणार नाही.' नियमानं बरोबर आहे. पण हेच सांगायला अर्धा तास संगीत ऐकवायची काय गरज?

आणि आता खात्यांची कथा. पोलीस ठाण्यात सांगितलं की साधी काच सेफ्टी काच म्हणून विकली, जुना पार्ट नवा म्हणून लावला. उत्तर: 'हे सिव्हिल मॅटर आहे.' खोटं सांगून पैसे काढणं सिव्हिल कधीपासून झालं? ४२० गेलं तरी भारतीय न्याय संहितेचं ३१८ (४) आहेच की. अर्ज घेतला, पोच मागितली तर 'साहेब राऊंडला गेलेत'. दुसऱ्या एका कार्यालयात म्हणाले, आमच्याकडं काचेचं म्हणजे काळ्या फिल्मचं बघतात. म्हणजे बाजूच्या काचेतून ५० टक्क्यांपेक्षा कमी उजेड गेला तर दंड, आणि गळा कापणारी काच बसवली तर कुणाचाच विषय नाही! तिसऱ्या खिडकीवर 'गॅरेजचं बिल आणा'. पक्कं बिलच तर देत नाहीत, तीच तर तक्रार. 'मग बिलाशिवाय काय करणार?' या गोल गोल फिरण्यातच माणूस थकतो, आणि गॅरेजवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं. ओरडलं की चहा पाजतात. चहा नको, पोच द्या.

बिलावरून आठवलं. आमच्या कागदावर 'जीएसटी १,९१७' होतं, जीएसटी नंबर नव्हता. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही शोधता येतो. कंपोझिशन योजनेतला (लहान धंद्यांना ठोक दरानं कर भरायची सोय) दुकानदार ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही. म्हणजे ते १,९१७ रुपये सरकारच्या नावानं खिशात गेले. पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि 'जीएसटी नको असेल तर कच्च्यात करतो' या सवलतीला भुललात की तुमचा एकमेव पुरावा गेला. पैसे यूपीआयनं द्या, रोख नाही. एस्टिमेटचा मेसेज जपून ठेवा, त्यांनी नंतर पुसला तरी स्क्रीनशॉट असू दे.

राहिला ग्राहक आयोग. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मग जिल्हा आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरूनही भरता येतो. सोबत जोडायचं ते असं: एस्टिमेट, यूपीआयची नोंद, कोऱ्या कोपऱ्याचा फोटो, रेग्युलेटरवरच्या जुन्या स्टिकरचा फोटो, दुसऱ्या मिस्त्रीचं सही-शिक्क्याचं लेखी मत आणि पार्ट काउंटरची छापील किंमत. उतरवलेली काच भंगारात देऊ नका. आमची पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.